घटस्फोट, कॅलिफोर्निया: नवऱ्याला लेखी प्रश्न आणि कागदपत्रांची मागणी पाठवायची आहे. कुणी स्वतः केलंय का?

यासाठीच_नवा_आयडी

माझा नेहमीचा आयडी वेगळा आहे. इथले चार-पाच जण घरी येऊन गेलेत, म्हणून हा नवा काढला. कृपया ओळखलंत तरी ओळख देऊ नका.

लग्न २०११ मध्ये पुण्यात. २०१४ पासून आम्ही बे एरियात. मी आधी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर होते, गेली दोन वर्षं अर्धवेळ नोकरी करते. सहा महिन्यांपूर्वी मीच अर्ज दाखल केला. नवऱ्याने वकील केलाय. मी पूर्ण वेळ वकील लावू शकत नाही, म्हणून एका वकीलबाईंना फक्त तपासण्यापुरते पैसे देते. मसुदा मी लिहायचा, त्या दुरुस्त करणार.

त्याच्याकडून एफएल-१४२ आला. मालमत्तेच्या त्या तक्त्यात इथलं घर, दोन गाड्या, ४०१के (निवृत्तीची बचत) आणि 'शेअर्स' असा एक शब्द. भारताच्या नावाने काहीच नाही. २०१९ मध्ये पुण्यात वाकडला फ्लॅट घेतला, करारावर नाव त्याचं आणि सासूबाईंचं. पैसे इथून गेले, मला पक्कं आठवतंय, कारण त्या वर्षी आम्ही स्वयंपाकघराचं काम पुढे ढकललं होतं. एफडीसुद्धा होत्या. विचारलं तर म्हणतो, "ते आईचं आहे. आणि इंडियाचे कागद इथलं कोर्ट मागू शकत नाही."

मी रात्री बसून ६२ प्रश्न लिहिलेत. वकीलबाई म्हणाल्या ३५ च्या वर नको. कुठले ठेवू, कुठले काढू? आणि इंडियाचे कागद खरंच मागता येत नाहीत का?

---

शांतिनिकेतन_सोसायटी

राग मानू नका, पण दोघं समोरासमोर बसून मिटवता येत नाही का? प्रश्न-उत्तरं सुरू झाली की वकिलांचीच घरं भरतात. मुलं असतील तर त्यांचाही विचार करा.

---

जुनी_वही

शांतिनिकेतन, समोरासमोर बसून मिटवायचं तर दोघांच्या हातात सारखेच पत्ते असावे लागतात. इथे एकाचे सगळे उघडे आणि दुसऱ्याने फ्लॅट मांडीखाली धरलाय.

नव्या आयडीला: अगं, तू म्हणते, चालेल ना? मी यातून २०२१-२२ मध्ये गेलेय, तुझ्यासारखीच अर्ध्या वकिलाच्या जोरावर. मी वकील नाही. खाली जे लिहितेय ते तुझ्या बाईंना दाखवून मगच वापर.

आधी तुझ्या ६२ प्रश्नांबद्दल. न वाचता सांगते, त्यातले निम्मे 'का'ने सुरू होत असतील. का लपवलंस, मला का सांगितलं नाहीस, आईच्या नावावर का केलंस. माझ्याही पहिल्या मसुद्यात असे एकोणीस होते. माझ्या वकिलाने कागदावर फक्त एक रेघ मारली आणि म्हणाला, याचं उत्तर काय येईल ते तुम्हाला माहीत आहे, आणि आलं तरी त्यावर कोर्ट एक डॉलर देणार नाही. चांगलीच झोंबली होती ती रेघ. नंतर 'का'च्या जागी 'कुठल्या खात्यातून', 'कुठल्या तारखेला', 'कुणाच्या नावे' घातलं आणि एकोणीसचे सहा झाले.

आता ३५ चा आकडा. तो फक्त आपण स्वतः रचलेल्या प्रश्नांना आहे. त्याहून जास्त हवे असतील तर गरज का आहे याचं प्रतिज्ञापत्र जोडून पाठवता येतात. पण त्याआधी एफएल-१४५ बघ. फॅमिली लॉसाठी छापील प्रश्नांचा दोन पानी फॉर्म आहे. ते प्रश्न त्या ३५ मध्ये मोजत नाहीत, आणि छापील असल्यामुळे 'प्रश्नच समजला नाही' असं म्हणायला समोरच्याला जागा उरत नाही. त्यातले दोन प्रश्न तुझ्यासाठीच लिहिल्यासारखे आहेत. एक: दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असलेल्या अशा मालमत्तेबद्दल, जिच्यात त्याचा हक्क आहे किंवा जिच्यावर त्याचं नियंत्रण आहे. म्हणजे 'आईचं आहे'. दुसरा: गेल्या चोवीस महिन्यांत जोडीदाराच्या संमतीशिवाय कुणाला काय भेट दिली, किती किमतीची. हा फॉर्म पाठवल्यावर तुझ्या यादीतले पंधरा-वीस प्रश्न आपोआप गळतील.

स्वतःचे प्रश्न लिहिताना माझ्या तीन चुका झाल्या, त्या तू करू नकोस. मी 'प्रश्न ४ मध्ये सांगितलेल्या खात्यात किती शिल्लक होती' असं लिहिलं होतं. प्रत्येक प्रश्न एकट्याने वाचला तरी पूर्ण असावा लागतो, त्यामुळे त्यावर ऑब्जेक्शन आलं. दुसऱ्या एका प्रश्नात खातं कधी उघडलं, कोण सहधारक आणि पैसे कुठून आले असं सगळं कोंबलं होतं, तेही चालत नाही. आणि वर एक पानभर प्रस्तावना लिहिली होती. सूचना आणि प्रस्तावना लिहायचीच नसते. मराठी माध्यमाची सवय, निबंधाला प्रस्तावना हवीच.

पण खरं सांगू का, माझ्या केसमध्ये प्रश्नांनी फारसं काही उघडलं नाही. प्रश्नाचं उत्तर वकील लिहितो, अशील सही करतो. बँकेचं स्टेटमेंट वकील लिहीत नाही. म्हणून तुझा जोर कागदपत्रांच्या मागणीवर ठेव. तिला आकड्याची मर्यादा नाही, मात्र प्रत्येक मागणीत कुठला कागद किंवा कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या काळातले, हे नेमकं हवं. 'सर्व आर्थिक कागदपत्रे' लिहिलंस तर उत्तरात पाच ओळींचं ऑब्जेक्शन येईल आणि कागद एकही नाही.

इंडियाच्या कागदांबद्दल तुझा नवरा अर्धं खरं बोलतोय. इथून पुण्यातल्या बँकेला सबपीना, म्हणजे कागद हजर करण्याचा हुकूम, पाठवून काही होत नाही, ती बँक कॅलिफोर्नियाच्या कोर्टाला बांधील नाही. पण मागणी बँकेकडे करायचीच नाहीये. ती त्याच्याकडे करायची आहे, आणि कायद्यातले शब्द आहेत ताबा, सांभाळ किंवा नियंत्रण. ज्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे आहे, ज्याचं स्टेटमेंट तो सोफ्यावर बसून दोन मिनिटांत उतरवू शकतो, ते त्याच्या नियंत्रणात आहे. सर्व्हर मुंबईत असो की चंद्रावर.

कॅलिफोर्नियात राहत असताना लग्नाच्या काळात जे घेतलं ते जगात कुठेही असलं तरी सामाईक मालमत्तेच्या हिशेबात येतं. इथलं कोर्ट वाकडच्या सातबाऱ्यावर नाव चढवणार नाही, पण त्या किमतीचा हिशेब इथल्या घरातून आणि शेअर्समधून चुकता करू शकतं. आईच्या अर्ध्या नावाचं काय होईल ते मात्र फोरमवर विचारू नकोस, त्यासाठीच बाईंना पैसे देतेयस.

---

हिशेबनीस

फ्लॅटला सातबारा नसतो, जुनी_वही. 🙂 इंडेक्स टू म्हणा, म्हणजे नोंदवलेल्या कराराचा गोषवारा.

मी टॅक्सचं काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो. मागणीत पुढच्या गोष्टी वेगळ्या, नाव घेऊन मागा.

एफबार, म्हणजे फिनसेन फॉर्म ११४. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तो भरावा लागतो. तो टॅक्स रिटर्नला जोडलेला नसतो, वेगळा जातो. त्यामुळे नुसते 'टॅक्स रिटर्न द्या' म्हटलं तर तो येणारच नाही. त्यात बँकेचं नाव, खाते क्रमांक आणि वर्षातली सर्वाधिक शिल्लक असते. तुम्हाला जे हवंय ते एका पानावर. जॉइंट रिटर्न भरत असाल तर आधी तुमच्या घरातल्या प्रतीत शेड्यूल बी चा तिसरा भाग बघा. परदेशात खातं आहे का, हो-नाही, आणि देशाचं नाव. तिथे 'हो, इंडिया' असेल आणि एफएल-१४२ वर भारत कोरा असेल, तर दोन्ही कागदांवर सही त्याचीच आहे.

फॉर्म ८९३८ मागा, परदेशातल्या आर्थिक मालमत्तेची माहिती देणारा. हा रिटर्नबरोबर जातो, पण त्याची मर्यादा बरीच वरची आहे, त्यामुळे नसेलही.

भारताच्या बाजूचं २६एएस आणि एआयएस मागा. पॅनवर जे व्याज, लाभांश, म्युच्युअल फंडांचे व्यवहार नोंदले गेले ते तिथे दिसतात. एक खाच आहे. परदेशस्थ भारतीयांची खाती दोन प्रकारची: भारतातल्या कमाईसाठी एनआरओ, परदेशातून पाठवलेल्या पैशांसाठी एनआरई. एनआरओ खात्याच्या व्याजावर टीडीएस कापतात, म्हणून ते २६एएस मध्ये दिसतं. एनआरई एफडीचं व्याज भारतात करमुक्त, टीडीएस नाही, म्हणून ते तिथे दिसेलच असं नाही. म्हणजे 'बघा, २६एएस कोरा आहे' याने समाधान मानू नका. एनआरईची स्टेटमेंट वेगळी मागा. म्युच्युअल फंडांचं कन्सॉलिडेटेड अकाउंट स्टेटमेंट, पीपीएफचं पासबुक, एलआयसीच्या पॉलिसी हेही लिहा.

फ्लॅट ५० लाखांचा किंवा वरचा असेल तर विकत घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून फॉर्म २६क्यूबी भरलेला असतो. त्यावर घेणाऱ्याचा पॅन असतो. कुणाच्या पॅनवर भरलाय ते बघण्यासारखं आहे.

---

यासाठीच_नवा_आयडी

हिशेबनीस, खूप आभार. २०१९ चं जॉइंट रिटर्न काढून बघितलं. 'हो' वर खूण, देश इंडिया. त्यावर माझीही सही आहे आणि मी ते पान कधी वाचलंच नव्हतं. हात थंड पडले.

शांतिनिकेतन, एक मुलगा आहे, नऊ वर्षांचा. त्याच्यासाठीच हिशेब नीट करतेय.

जुनी_वही, मला 'तू'च म्हणा. पत्रव्यवहार कसा केलात? मीच टपालात टाकू का? आणि त्याने उत्तरच दिलं नाही तर?

---

जुनी_वही

सातबारा मागे घेते. शेतकऱ्याची लेक, दुसरं काय येणार तोंडात.

टपालात तू स्वतः टाकायचं नाहीस. केसमध्ये नसलेली, अठरा वर्षांवरची कुणीही व्यक्ती टाकेल आणि एफएल-३३५ वर, म्हणजे टपालाने पाठवल्याच्या दाखल्यावर, तशी सही करेल. माझ्यासाठी समोरच्या घरातल्या आजींनी टाकलं होतं, चौकटीचा स्वेटर घालून, दर वेळी मला विचारायच्या की तुरुंगात तर जाणार नाही ना. त्याला वकील आहे, म्हणजे पाकीट वकिलाच्या पत्त्यावर. कोर्टात काही दाखल करायचं नाही. मूळ प्रत आणि एफएल-३३५ तुझ्याकडे जपून ठेव. मी सगळं एका जाड वहीत चिकटवत गेले, माझ्या आयडीचं मूळ तेच.

उत्तराला तीस दिवस. कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियात टपालाने पाठवलं तर आणखी पाच. ही तारीख भिंतीवर लिही.

त्या मुदतीत काहीच आलं नाही तर त्याचा ऑब्जेक्शन घ्यायचा हक्क जातो आणि तू कोर्टात मोशन टू कंपेल, म्हणजे उत्तर द्यायला भाग पाडण्याचा अर्ज, लावू शकतेस. हे प्रत्यक्षात क्वचित होतं, कारण वकील मुदतवाढ मागतो. एकदा दे, लेखी दे. दुसऱ्यांदा मागितली तर बाईंना विचार.

जास्त वेळा काय होतं, तर उत्तर येतं पण पोकळ. चाळीस ऑब्जेक्शनं आणि शेवटी 'हे आक्षेप कायम ठेवून, शोध सुरू आहे'. इथे घड्याळ तुझ्यावर उलटतं. शपथेवरची उत्तरं तुला पाठवली गेल्यापासून पंचेचाळीस दिवसांत मोशन लावावी लागते, नाहीतर ती संधी गेली. टपालाने आली तर तिथेही पाच दिवस मिळतात, पण ते धरून चालू नकोस. त्याआधी समोरच्या वकिलाशी लेखी चर्चा करून मिटवायचा खरा प्रयत्न केल्याचं दाखवावं लागतं. मी पंचेचाळिसातले तीस दिवस नुसती चिडण्यात घालवले होते.

आणि पहिलं काम: शेवटचं पान उलटून व्हेरिफिकेशन बघ. नवऱ्याची स्वतःची सही, खोटं ठरल्यास शिक्षेस पात्र या ओळीखाली. फक्त वकिलाची सही असलेली उत्तरं, त्यातली ऑब्जेक्शनं सोडली तर, न दिल्यासारखीच. माझ्याकडे आली ती बिनसहीची होती आणि मी आनंदाने वाचत बसले होते.

कागदांच्या मागणीच्या उत्तरात एक वाक्य मात्र डोळ्यात तेल घालून वाच. 'माझ्याकडे नाही' एवढंच लिहून सुटका नसते. कसून शोध घेतला असं म्हणावं लागतं, आणि कागद कधी नव्हताच, हरवला, की दुसऱ्या कुणाकडे आहे हे सांगावं लागतं. दुसऱ्या कुणाकडे असेल तर त्याचं नाव-पत्ता. समज त्याने लिहिलं की फ्लॅटचा करार आईकडे आहे. झालं, फ्लॅट आहे हे शपथेवर आलं की.

कागद येतील ते कुठल्या मागणीचे कुठले अशी खूण करून यायला हवेत. पूर्वी लोक खोकंभर कागद टाकून मोकळे व्हायचे, २०२० पासून तसं चालत नाही.

'शेअर्स' या एका शब्दावर समाधान मानू नकोस. आरएसयूचं, म्हणजे कंपनीने नोकरीत दिलेल्या शेअर्सचं, प्रत्येक ग्रँटचं पत्र, व्हेस्टिंगचं (ते कधी हाती येणार याचं) वेळापत्रक आणि ब्रोकरेज खात्याची स्टेटमेंट माग. वेगळे झालात त्या तारखेआधी मिळालेले पण नंतर हाती येणारे शेअर्स यातच दडलेले असतात. डब्ल्यू-२ वर, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर, ते दिसत नाहीत.

---

दुसरी_बाजू

मी असे प्रश्न आलेला माणूस. म्हणजे नवरा.

लिहू की नको विचार करत होतो. माझ्याही यादीत पुण्यातलं एक खातं सुटलं होतं. लपवायचं म्हणून नाही असं मी स्वतःला सांगायचो. वडिलांच्या औषधपाण्याला त्यातून पैसे जायचे, ते 'आपलं' वाटायचंच नाही. मग कागदांच्या मागणीत त्या बँकेचं नाव सरळ लिहून आलं. माझ्या वकिलाने मला खोलीत बसवून एक निकाल सांगितला, कॅलिफोर्निया अपील कोर्टाचा, २००१ सालचा. बायकोला लॉटरीतला तेरा लाख डॉलरांहून जास्त वाटा लागला, तिने तो न सांगता लगेच घटस्फोटाचा अर्ज केला, लॉटरीच्या टपालासाठी आईचा पत्ता दिला. दोन-तीन वर्षांनी नवऱ्याच्या घरी तिच्या नावाचं एक पत्र आलं, लॉटरीचे पैसे एकरकमी हवेत का असं विचारणारं. कोर्टाने तो सगळाच्या सगळा वाटा नवऱ्याला दिला. अर्धा नाही. मी त्याच रात्री सुधारित एफएल-१४२ भरला.

सांगायचं एवढंच की मागणीत बँकेचं, शाखेचं नाव असलं की समोरचा गप्प बसतो. मोघम असतं तोवर वाटतं, हिला काही माहीत नाही.

आणि ताई, असेच प्रश्न तुम्हालाही येतील. तयारी ठेवा.

---

जुनी_वही

दुसरी_बाजू, लिहिलंत ते बरं केलंत.

त्यांचा शेवटचा मुद्दा मी विसरले होते. तुझे दागिने, माहेरहून आलेले, लॉकर पुण्यात असला तरी. इथे लग्नाआधीचं आणि भेट म्हणून मिळालेलं ज्याचं त्याचं असतं, पण यादीत लिहायचंच. बाबांनी कधी पैसे पाठवले असतील तर तेही. तू भारतातलं एक लॉकर विसरलीस आणि त्याला एफडी विचारतेयस, असं त्याच्या वकिलाला म्हणू देऊ नकोस.

फ्लॅटबद्दल आणखी एक. इंडेक्स टू साठी त्याची वाट बघू नकोस. महाराष्ट्राच्या नोंदणी विभागाच्या साइटवर मोफत शोध आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मिळकतीचा क्रमांक टाकला की सापडतो. करून देणारा, करून घेणारा, मोबदला, बाजारभाव, तारीख, मुद्रांक शुल्क, सगळं मराठीत. भाषांतर करून बाईंना दे. पैसे कुणी भरले ते मात्र त्यात नसतं. त्यासाठी इथल्या बँकेतून गेलेल्या रकमांचे कागद, आणि इथली बँक सबपीनाला उत्तर देते.

---

यासाठीच_नवा_आयडी

सापडला. भावाने तिकडून सर्व्हे नंबर दिला, अर्ध्या तासात निघाला. करून घेणाऱ्यांत नाव पहिलं त्याचं, दुसरं सासूबाईंचं. नोंदणी मार्च २०१९. मोबदला बासष्ट लाख, माझ्या प्रश्नांइतकाच.

प्रश्न आता एकवीस राहिलेत, मागण्या चौतीस झाल्यात. पहिल्या सातांत फक्त वाकडचं: करार, बिल्डरच्या पावत्या, २६क्यूबी, एनआरई खात्याची जानेवारी २०१८ ते डिसेंबर २०१९ ची स्टेटमेंट, इथून पाठवलेल्या रकमांच्या पावत्या, कर्ज असेल तर त्याचे कागद आणि आईशी या फ्लॅटबद्दलचा लेखी पत्रव्यवहार. शेवटची ठेवू का? व्हॉट्सअॅप येईल त्यात. सासूबाईंचे मेसेज वाचायची माझी तरी तयारी नाही.

---

हिशेबनीस

फक्त पैसे पाठवण्या-मिळण्याबद्दलचे मेसेज, आणि फक्त त्या चोवीस महिन्यांतले असं लिहा. सगळे मागितले तर ऑब्जेक्शन येईल आणि ते योग्यच असेल.

---

जुनी_वही

आणि आले तर तू वाचू नकोस. बाईंना वाचू दे, आकडे तेवढे तुला सांगतील. मी वाचले होते.

पाकीट टाकायला कोण आहे तुझ्याकडे?

---

यासाठीच_नवा_आयडी

मुलाच्या मित्राची आई. सोमवारी टाकतेय. तिनेही तेच विचारलं, तुरुंगात तर जाणार नाही ना.